ठोक्याखालचा ठेका

पहिली चाळीस-पन्नास सेकंदं ठोका नसतोच. एक लांबलचक खर्जाचा सूर, त्यावर सावकाश चढत जाणारा भोंगा, मग गर्दीचा गलका आणि त्यातून वर येणारा कुणा निवेदकाचा घनगंभीर आवाज. मार्च सरता सरता बीड जिल्ह्यात पोरांच्या मोबाइलवर आणि पेनड्राइव्हवर जयंतीचे जे नवे ‘नॉनस्टॉप’, म्हणजे वर्षातली गाणी सलग जोडून केलेले मिक्स, फिरू लागतात, त्यातल्या बहुतेकांचा आरंभ असा असतो. घाईतला ऐकणारा बोटाने तो पुढे ढकलतो. ढकलू नये. तो खर्जाचा सूर कुठला आहे, एवढं ध्यानात ठेवावं. चांगल्या मिक्समध्ये तो पुढे येणाऱ्या पहिल्या गाण्याचा षड्ज असतो. आणि भोंगा वाटेल तिथे न थांबता पंचमावर जाऊन टेकतो. निवेदकाच्या शब्दांकडे आपलं लक्ष असतं तेवढ्या वेळात कान सा आणि प यांच्या मधोमध बसवून ठेवलेला असतो. मग गायकाचा पहिला स्वर पडतो आणि तो ओळखीचा वाटतो, कारण त्याची जागा आधीच सारवून ठेवलेली असते. मैफलीत हे काम तानपुरा करतो. इथे ते भोंग्याकडून करून घेतलंय, आणि तेही ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता.

वर्षभराचं संगीत एका धाग्यात ओवण्याचा हा प्रकार जगाला नवा नाही. नेदरलँड्सचा ट्रान्स संगीताचा डीजे आर्मिन व्हॅन ब्यूरेन २००१पासून ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ हा रेडिओ कार्यक्रम करतो आणि २००४पासून दर वर्षअखेरीला ‘इयर मिक्स’ काढतो: दोन भाग, वर्षातल्या ऐंशी-शंभर धुना, आरंभाला आणि शेवटाला बोलका प्रसंग. धून पुरती ऐकवायची नाही, तिचा गाभा तेवढा उचलायचा आणि पुढे सरायचं, अशी ती रीत. आपल्याकडचा हिशेब डिसेंबरात मिटत नाही. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, मग गणपती, मग नवरात्रातली आराधी गाणी, असं हे वर्ष फिरतं. आणि त्याची खरी वही एप्रिलमध्ये उघडते. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली माणसं तोवर साखर कारखान्यांवरून परतू लागलेली असतात. गेल्या हंगामात जे चाललं ते ठेवायचं, जे पडलं ते गाळायचं, चार नव्या चाली भरायच्या, आणि सगळं ट्रान्सच्या साच्यात बसवायचं. खाली ज्या जागा दाखवतोय त्या एकाच मिक्समधल्या नाहीत. अलीकडच्या हंगामांत कानावर पडलेल्या चांगल्या कामांतून वेचल्या आहेत. करणाऱ्यांची नावं लिहीत नाही. तशीही ती मिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला ऐकू येतात.

आणखी एक अट. हे काम मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीपुढे उभं राहून ऐकू येत नाही. तिथे छाती ऐकते, कान मिटून घेतात. दुसऱ्या दिवशी त्या कानांचं काय होतं, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. रसग्रहण करायचं तर दुपारी, बेताच्या आवाजात, बऱ्यापैकी इअरफोन लावून.

ठोक्यापासून सुरुवात करू. ट्रान्सची किक, म्हणजे तळातला मुख्य ठोका, सरळ असते: चार मात्रा, चार ठोके, कुठे सूट नाही. वेग मिनिटाला साधारण १२८ ते १४० ठोके. आपल्या नॉनस्टॉपवाल्यांचा कल १३०च्या आसपास राहण्याकडे दिसतो, आणि त्यामागे अक्कल आहे. मिरवणुकीत गाडी रांगते, नाचणारा जागच्या जागी नाचतो. १४०ला पाय उचलेपर्यंत पुढचा ठोका येऊन ठेपतो. किक आणि बेस या दोघांनाही तळातली तीच जागा हवी असते. दोघे एकदम वाजले की गढूळ गडगडाट होतो, आणि रस्त्यावरच्या दहा गाड्यांपैकी सात गाड्यांवर तोच ऐकू येतो. जाणता माणूस दर किकच्या क्षणी बेसचा आवाज खाली दाबतो आणि लगेच सोडतो. साइडचेन म्हणतात याला. नीट ऐकलं तर बेस प्रत्येक ठोक्याला वाकून वाट देतो आणि ठोका गेला की पुन्हा ताठ होतो. हे वाकणं किती लांबवायचं, यात हात ओळखू येतो. फार लांबलं तर सगळं गाणं धापा टाकतं, फार आखूड ठेवलं तर उपयोग शून्य. नेमकं जमलं की बेसलाच श्वास फुटल्यासारखा वाटतो, आणि नाचणाऱ्याचे गुडघे त्या श्वासावर वाकतात. त्याला वाटतं आपण ठोक्यावर नाचतोय.

आता खरा कस. भीमगीतांचा आणि लोकगीतांचा जुना ठेवा यंत्राच्या घड्याळावर गायलेलाच नाही. वामनदादा कर्डकांनी रचलेली गाणी गावोगावच्या गायनपार्ट्यांनी गायली, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटींतून घराघरात गेला. ढोलकी, हार्मोनियम, कोरस आणि समोर माणसं, असं ते सगळं. अशा ध्वनिमुद्रणात लय जिवंत असते, म्हणजे ती हलते. मुखडा एका चालीत सुरू होतो. दुसऱ्या अंतऱ्याला गायक रंगात येतो आणि ढोलकीवाला त्याच्यामागे किंचित पुढे सरकतो. त्याखाली सरळ ठोका लावून दिला तर दहा ओळींत गाणं आणि ठोका एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून गाणं कापावं लागतं: ओळ ओळ, कधी शब्द शब्द सुटा करून तो पडद्यावरच्या चौकटीत बसवायचा. संगणकाला सांगितलं तर तो हे काम चुटकीसरशी करून देतो, आणि तिथेच गाणं मरतं. कारण गायक शब्द ठोक्यावर टाकत नाही. थोडा मागे टाकतो, ऐकणाऱ्याला क्षणभर ताटकळत ठेवतो. ओळीचा शेवट समेवर आणायचा आणि आधीची अक्षरं रेंगाळू द्यायची, ही त्याची गंमत. सगळी अक्षरं खिळ्याने ठोकून बसवली की उरते ती कवायत.

चांगला नॉनस्टॉपवाला इथे काय करतो ते पाहण्यासारखं आहे. ओळीचं पहिलं अक्षर तो मोकळं सोडतो, शेवटचं तेवढं चौकटीत बांधतो. मधली अक्षरं गायकाच्या मर्जीवर. काही ठिकाणी त्याने दोन ओळींमधला श्वाससुद्धा राखलेला असतो, तोंडातून हवा आत ओढल्याचा तो बारीक आवाज. पुसून टाकणं सोपं होतं. पण त्या श्वासानंतर येणारी ओळ कानाला आधीपासून हवी झालेली असते, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपल्याच जिल्ह्यातल्या आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ही जागा चटकन कळेल. थाप पडण्याआधीची पोकळी हीसुद्धा वाजवण्याचाच भाग असते.

वेगाचा प्रश्न याहून अवघड. ढोलकीचं गाणं समजा १००च्या लयीत आहे आणि ठोका १३२चा. गाणं ताणून तिथवर नेलं तर शब्द धावत सुटतात आणि गायक घाबरल्यासारखा वाटतो. कसबी माणूस हे गाणं बाजूला ठेवतो आणि दुसरं, संथ गाणं उचलतो, ६५-६६च्या आसपासचं. त्याच्या एका मात्रेखाली दोन ठोके बसतात. वरचं गाणं आपल्या चालीने चालत राहतं, खालची जमीन दुप्पट वेगाने धावते, आणि दोघांनाही दम लागत नाही. जयंतीच्या मिक्समध्ये मधेच एखादं अगदी सावकाश, करुण गाणं आलं आणि तरी नाच थांबला नाही, उलट चढला, असा अनुभव पुष्कळांना असेल. ते याचं फळ. निवड हेच तिथलं कौशल्य आहे.

आराधी गाण्यांपाशी मात्र निवडीनं भागत नाही. येडेश्वरीची, तुळजाभवानीची, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची गाणी मोठ्या संख्येने तीन-तीनच्या झोकात चालतात: दादरा म्हणा, खेमटा म्हणा, संबळाची चाल म्हणा. ट्रान्सचं सगळं शरीर दोन-चारच्या हिशेबाचं. सहा मात्रांचं आवर्तन दोन किकमध्ये बसवता येतं, एका किकला तीन मात्रा, इथवर सोपं आहे. १३२ला हे पूर्ण आवर्तन जेमतेम नऊ दशांश सेकंदात उरकतं, म्हणजे फिरकी जलद आहे, पण नाचाला तीच हवी. अडचण किकच्या मधल्या जागेत आहे. ट्रान्सची झांज, म्हणजे हाय-हॅट, दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यावर पडते. आणि तीन मात्रांच्या हिशेबात तो मध्य दुसऱ्या मात्रेच्या पोटात येतो. गायक तिथे शब्दात गुंतलेला असतो आणि वरून ही टकटक. धावता बेस तर आणखी वैरी. तो ठोक्याचे चार तुकडे करतो आणि गाणं तीन. पहिल्या तुकड्यापाशीच दोघांत सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढी फट पडते. ही फट कानाला वेगळी ऐकू येत नाही. नुसतं काहीतरी खटकत राहतं, नाच बसत नाही, आणि पोरं म्हणतात, ‘ह्याच्यात मजा नाही.’ त्यांचं बरोबर असतं.

यावर मी ऐकलेला सर्वांत देखणा तोडगा असा. आराधी गाणं येण्याआधी चार-चार ठोक्यांचे सोळा बार, म्हणजे १३२ला जवळपास २९ सेकंद, झांज हळूहळू पातळ होत जाते आणि नाहीशी होते. जागा रिकामी. मग त्या रिकाम्या जागेत संबळ येतो, तीनच्या चालीत, अगदी दबक्या आवाजात, किकच्या खालून. आठ बार गेल्यावर बेसही चारची चाल सोडून तीनची धरतो. किक तशीच सरळ. म्हणजे गाण्याचा पहिला शब्द येईपर्यंत सगळं घर आतून फिरवून झालेलं असतं आणि दारावरची पाटी बदललेली नसते. नाचणाऱ्याचे पाय सरळ पडत होते ते झोकात पडू लागतात, आणि कधीपासून ते त्याला सांगता येणार नाही. मी ही जागा पुन:पुन्हा मागे नेऊन ऐकली तरी वळणाचा नेमका क्षण बोटात सापडत नाही. संगीताचं शास्त्र शिकलेल्या कित्येकांना लयीची अशी कूस बदलणं साधत नाही.

आता स्वरांकडे. ट्रान्सचा तो भव्य, पसरलेला, आभाळ उघडल्यासारखा नाद ‘सुपरसॉ’ नावाने ओळखला जातो. रोलंड कंपनीच्या जेपी-८००० या सिंथेसायझरमध्ये तो १९९६ साली आला: एकाच सुराच्या सात करवती लहरी, एकमेकींपासून किंचित बेसूर केलेल्या. त्या किंचित बेसूरपणामुळेच तो रुंद वाटतो. आता हे सगळं संगणकात फुकटात मिळतं, म्हणून जिथे तिथे ओतलेलं असतं. ओतण्यात दोन खड्डे आहेत. एक, हा रुंदपणा डाव्या-उजव्या कानांतल्या फरकावर उभा असतो. दोन्ही बाजू एकत्र करून वाजवणाऱ्या गाडीवर त्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि ऐन रंगाच्या वेळी सूर गायब होतो. दुसरा खड्डा आपल्या संगीताचा आहे. चाल भूपाच्या अंगाची असेल तर तिच्यात मध्यम आणि निषाद नाहीत. पण ट्रान्सचे ठरीव चार कॉर्ड खाली घातले की त्यातल्या एकात मध्यम येतो, दुसऱ्यात निषाद. गायक पाच स्वरांत गातोय आणि खालचा बाजा सात स्वरांचा आग्रह धरतोय. चाल भूपाची राहत नाही, कुठल्यातरी जाहिरातीची होते.

जाणता माणूस कॉर्ड कमी करतो. मध्यमाचा कॉर्ड टाळतो. पंचमाच्या कॉर्डातून मधला स्वर उपटून काढतो आणि नुसते प आणि रे ठेवतो. नाद पोकळ होतो, पण चाल सोवळी राहते, आणि त्या पोकळीत गायकाचा गंधार असा काही लखलखतो की सुपरसॉच्या साताऐवजी सत्तर लहरी घातल्या असत्या तरी ते झालं नसतं.

या संयमाला आपल्याकडे एक जुना दाखला आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, आणि डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललित, तोडी, मालकंस, त्यात भूपाळीही आहे. एचएमव्हीने तबकडी काढली, ती खपली नाही; २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणकार चकित झाले, कारण अॅसिड हाउस नावाचं जे संगीत पुढे शिकागोत जन्मलं त्याचा नाद इथे काही वर्षं आधीच वाजून गेला होता. मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. चरणजित सिंगांनी तिच्यात मींड ओळखली. कॉर्डांचा पसारा मांडलाच नाही. खाली बेसची तीच ती फिरती आकृती, वर राग. आजच्या नॉनस्टॉपमध्ये कुठेतरी बेस असा घसरत गाण्याच्या स्वराला जाऊन मिळतो तेव्हा करणाऱ्याने ती तबकडी ऐकलेली असेलच असं नाही, पण तो त्याच वाटेवर असतो.

हलगीबद्दल थोडक्यात, कारण ती स्वतःची बाजू स्वतः मांडते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाडाचा ठोका चामड्याच्या गाभ्यातून येतो, काडीचा कडाका वरच्या पट्टीत फुटतो. बाजारात तयार मिळणारा हलगीचा तुकडा चिकटवला तर प्रत्येक आवर्तनातला कडाका हुबेहूब तोच, आणि चौथ्या आवर्तनाला कान कंटाळतो. खऱ्या वाजवणाऱ्याला बसवून, किंवा निदान पॅडवर हाताने वाजवून घेतलेली हलगी दर वेळी केसभर वेगळी पडते. तिला जागा द्यायची म्हणून तेवढ्या चार बारांपुरता वरचा सिंथ मागे सारणारे हातही मी ऐकलेत. पाहुणा आला की घरच्यांनी उठून जागा द्यावी, एवढं ते सहज असतं.

दोन गाण्यांचा सांधा हा या कलेतला शेवटचा नाजूक भाग, आणि त्याची एक वाट गोव्याकडे जाते. हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिल हा डीजे, मूळचा कॅलिफोर्नियाचा, डिजिटल टेपवरून, म्हणजे डॅटवरून धुना वाजवायचा. तबकडी हाताने कमी-जास्त वेगाने फिरवता येते, तशी सोय त्या यंत्रांत नसे. दोन धुनांचे ठोके जुळवणं अवघड, म्हणून एकीच्या बिनठोक्याच्या शेवटावर दुसरीचा बिनठोक्याचा आरंभ टाकायचा. गोवा ट्रान्सच्या धुनांना लांब, धूसर शेपट्या असतात त्यामागे हेही एक कारण. आज संगणक एका कळीसरशी ठोके जुळवून देतो. तरीही आपल्याकडचे बरे कारागीर सांधा बिनठोक्याचाच करतात, आणि त्यात स्वतःची एक भर घालतात. पहिलं गाणं काळी एकमध्ये संपतं. शेवटचा षड्ज लांबत राहतो. त्याच्याखाली हळूच काळी तीनचा खर्ज लागतो, आणि जो सूर आत्तापर्यंत सा होता तो हललाही नाही तरी प होऊन बसतो. नवं गाणं सुरू होतं. पुष्कळ वेळा मला वाटतं, या एका जागेसाठी बाकीचा तास ऐकावा.

उणिवाही आहेत. भीमगीत सुरू असताना मधेच चित्रपटातला डायलॉग घुसवण्याची खोड अजून गेलेली नाही. ‘साउंड चेक’च्या नावाखाली पाच-पाच मिनिटं नुसता हादरा देणारे मिक्स तर संगीताच्या सदरात धरू नयेत. आणि शेवट. नॉनस्टॉपला शेवट करायची सवयच नाही, कारण रस्त्यावर तो कुणी ऐकत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो आणि गाडी जिथे असेल तिथे गाणं तुटतं. त्यामुळे बहुतेक मिक्स शेवटच्या दहा मिनिटांत ढिले पडतात. उरलंसुरलं तिथे कोंबलेलं असतं. एका मिक्सने मात्र चकित केलं. शेवटच्या गाण्यानंतर किक एकटी चालू राहिली, मग तिच्यावर हलगीचा एक छोटा बोल आला, तोच पुन्हा आला, आणि तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर लक्षात आलं की ही चक्क तिहाई आहे. मोजून आणलेली, समेवर बरोबर उतरणारी. मी मांडीवर हात उचलून धरला. आणि सम आली त्या नेमक्या क्षणी, तिच्यावरच, डीजेचं नाव ठणठणीत आवाजात वाजलं.